गणिताचे हक्कसोडपत्र

मे महिन्यात शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांचे निकाल जाहीर झाले म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा यावयाचाच, असा आता शिरस्ता पडून गेला आहे. 2025 च्या दहावीत मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण 96.14 टक्के आणि मुलांचे 92.31 टक्के होते. बारावीत ते अनुक्रमे 94.58 व 89.51 टक्के होते. त्याच्या आदल्या वर्षी असेच घडले होते आणि त्याच्याही आदल्या वर्षी. जी गोष्ट वर्षानुवर्षे अव्याहत घडत आली, ती दरसाल नव्याने वार्ता का ठरावी, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर त्याच दिवशी घरोघरी होणाऱ्या संभाषणांत सापडते. कमी गुण मिळालेल्या मुलाविषयी 'हुशार आहे हो, पण अभ्यासाला बसतच नाही' असे म्हटले जाते आणि नव्वद टक्के मिळविलेल्या मुलीविषयी 'फार कष्टाळू आहे पोर, सगळे पाठ करते' असे म्हटले जाते. म्हणजे मुलाच्या अपयशातूनही त्याची बुद्धी वजा होत नाही आणि मुलीच्या यशातही ती जमेस धरली जात नाही. दोन्ही वाक्ये कौतुकाने उच्चारली जातात, म्हणूनच ती अधिक खोल जातात.

महाराष्ट्राने 1994 साली कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला आणि केंद्र सरकारला तेच करण्यास पुढे अकरा वर्षे लागली. तथापि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजही बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देताना दिसतात. कोणी हात धरून सही करवीत नाही, माहेर तुटू नये एवढीच त्यांची इच्छा असते, आणि दस्तात मात्र 'राजीखुशीने' असे नमूद होते. मुलामुलींच्या बौद्धिक क्षमतेविषयी गेली दीडशे वर्षे जो वाद चालला आहे, त्याचा तपशील जसजसा पाहावा तसतसे मला वाटू लागते की विषयांच्या बाबतीतही हेच झाले आहे. गणित आणि भौतिकशास्त्र यांवरचा हक्क मुलींकडून आधी सोडवून घेण्यात आला, आणि पुढे त्यांच्या नावावर ही मिळकत नाही हे दाखवून तो निसर्गाचाच निवाडा असल्याचे सांगण्यात आले.

पुण्यात या प्रकरणाचे दप्तर विशेष जाड आहे. 1848 साली भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, तेव्हा मुलींनी शिकावे की न शिकावे हाच वादाचा विषय होता. 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदींच्या प्रयत्नांनी हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल सुरू झाले, तोवर विरोधाचे स्वरूप पालटले होते. मुलींनी शिकावे हे विरोधकांनाही तत्त्वतः मान्य होते. आक्षेप होता तो काय शिकावे आणि दिवसाचा किती वेळ शिकावे यावर. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर टीका केली, तिचा मथितार्थ असा होता की इंग्रजी व उच्च गणित यांपेक्षा मराठी, शिवणकाम, धर्म आणि गृहकृत्ये यांचे शिक्षण मुलींना उचित असून दिवसभर शाळेत राहिल्यास घरच्या कामात व्यत्यय येतो. मुलींना गणित समजणारच नाही असा दावा करण्याची त्या वेळी कोणाला फारशी गरजच भासत नव्हती. घरातील काम आणि शाळेतील तास यांच्या झगड्यात काम आधी मोजले जात होते, इतकाच त्याचा अर्थ.

याच सुमारास डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या, नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पदवीपरीक्षेत अव्वल आल्या. त्या गुणानुक्रमाला लाभणारी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली आणि त्यांच्या हितचिंतकांनी निधी उभारला तेव्हा त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या.

अण्णासाहेब कर्वे यांच्याविषयी लिहिताना लेखणी आदराने थबकते. फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविणाऱ्या या पुरुषाने 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची मुहूर्तमेढ रोवली, आणि जपानातील महिला विद्यापीठाची माहिती वाचून 1916 मध्ये हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ स्थापिले. ज्या स्त्रियांना मुंबई विद्यापीठाचा दरवाजा कधीच दिसला नसता, त्यांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळाले ते केवळ त्यांच्यामुळे. परंतु त्या विद्यापीठाच्या मूळ अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना जे अग्रस्थान मिळाले, ते स्त्रीचे जीवितकार्य पुरुषाहून भिन्न असल्याने तिचे शिक्षणही भिन्न असावे या श्रद्धेतून मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. ज्याने स्त्रियांसाठी आयुष्य वेचले त्यालाही काळाची ही समजूत पूर्णतः ओलांडता आली नाही, यावरून ती किती सार्वत्रिक होती याचा अंदाज येतो.

युरोपात मात्र त्या काळी क्षमतेचा प्रश्न थेट कवटीच्या मापावर आणून ठेवला होता. जॉर्ज रोमानिस या निसर्गशास्त्रज्ञाने 1887 साली लिहिले की स्त्रीचा मेंदू पुरुषाच्या मेंदूपेक्षा सुमारे पाच औंसांनी हलका असल्याने तिच्या बौद्धिक न्यूनतेबद्दल आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. या मताला जिने सर्वांत शांतपणे उत्तर दिले ती लंडनची ॲलिस ली. कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकलेल्या या बाईंनी जिवंत माणसाच्या डोक्याची लांबी, रुंदी व उंची मोजून कवटीची धारणशक्ती काढण्याचे सूत्र बसविले. 1898 साली डब्लिन येथे शरीररचनाशास्त्रज्ञांची सभा भरली होती, तेथे जमलेल्या 35 तज्ज्ञांच्या डोक्यांची मापे घेण्यात आली. बेडफर्ड कॉलेजच्या विद्यार्थिनींची आणि युनिव्हर्सिटी कॉलेजातील पुरुषांची मापेही तिच्याजवळ होती. मग तिने धारणशक्तीच्या उतरत्या क्रमाने यादी लावली. त्या शास्त्रातील काही अत्यंत नामवंत पंडितांची नावे यादीत तळाला गेली आणि कित्येक विद्यार्थिनींची मापे त्यांच्याहून सरस ठरली. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी हे मान्य करावयाचे तर त्या पंडितांना आपली कीर्ती सोडावी लागली असती. त्यांनी कीर्ती राखली आणि कवटीचा सिद्धांत हळूहळू मागे पडला. पुढे 1930 च्या सुमारास महर्षी कर्व्यांची सून इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांच्या असमतेवर संशोधन करीत होत्या. ते संशोधन वंशभेदाविषयीचे होते. परंतु गुरूला जे सिद्ध व्हावे असे वाटत होते ते मापांतून निघत नाही, असे या मराठी विद्यार्थिनीने प्रबंधात लिहिले, ही गोष्ट त्याच परंपरेत शोभणारी आहे.

मराठी माणसाला 'रँग्लर' ही पदवी रघुनाथराव परांजपे यांच्यामुळे परिचित आहे. 1899 साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये ते सीनियर रँग्लर झाले आणि कोकणातील मुर्डीपासून पुण्यापर्यंत आनंदाला उधाण आले. त्याच परीक्षेची नऊ वर्षांपूर्वीची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. 1890 च्या जूनमध्ये सेनेट हाउसमध्ये निकाल वाचला जात होता. रिवाज असा, की आधी पुरुषांची गुणानुक्रमे नावे वाचावयाची आणि नंतर स्त्रियांची स्वतंत्र यादी वाचून प्रत्येकीचे स्थान पुरुषांच्या यादीत कोठे पडते ते सांगावयाचे. न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचे नाव आले आणि तिचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तिला सुमारे 13 टक्के गुण अधिक होते असे सांगतात. तरीही सीनियर रँग्लर हा मान त्या वर्षी एका पुरुषाच्याच नावे लागला, कारण स्त्रीला तो देण्याची तजवीज नियमांत नव्हती. आणि केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास 1948 साल उजाडावे लागले. रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतलाबाई याच न्यूनहॅममधून 1929 मध्ये गणित ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या, तेव्हाही हीच स्थिती होती. वडिलांना जी पदवी मिळाली ती त्याच परीक्षेअंती मुलीला पूर्णांशाने मिळू शकत नव्हती.

आपल्या देशात त्याहून निराळे घडत होते असे समजण्याचे कारण नाही. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या पदवीपरीक्षेत सर्वप्रथम आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते त्याच संस्थेतून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडले होते. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी वाङ्मयात अढळपद मिळविणार होती. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी स्त्री उमेदवार म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण मागत राहिल्या आणि गांधीयुगाला अनुसरून त्यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षाधीन राहावयाचे, कामाने संचालकांचे समाधान झाल्यासच नाव रीतसर दाखल होणार, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करावयाचे, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कोणा मुलाकडून अशी हमी कोणी मागितली असती काय? वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले व संस्थेचा दरवाजा पुढील मुलींसाठीही उघडला. वनस्पतींच्या ऊतकांतही सायटोक्रोम-सी असते हे दाखवून देऊन कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जातात. विवाहोत्तर कमला सोहोनी या नावाने त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेले काम सर्वश्रुत आहे आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले. दर वेळी पात्रता आधी सिद्ध होती. विलंब झाला तो ती मान्य होण्यास.

स्वातंत्र्यानंतर विषयांच्या वाटणीचा प्रश्न सरकारदरबारी आला. 1948–49 च्या राधाकृष्णन आयोगाने स्त्रीपुरुषांच्या शिक्षणात पुष्कळसे समान असावे, पण ते सर्वांशी एकरूप असू नये, असे सांगून गृहशास्त्रावर भर दिला. अकरावी मॅट्रिकच्या त्या काळात अनेक ठिकाणी मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित वा गृहशास्त्र घेण्याची सोय होती आणि ती सवलत समजली जाई. हा प्रवाह उलटविण्याचे श्रेय ज्या दस्तऐवजाला जाते, त्याचे नाव आज शिक्षकांनाही ठाऊक नसते, म्हणून ते येथे आवर्जून सांगतो. राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेने 1962 मध्ये हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखाली मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व मानव' असा शब्दप्रयोग घालावयास लावणाऱ्या याच त्या विदुषी, आणि कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदीही त्या होत्या. समितीने 1964 साली निर्णय दिला की लोकशाही समाजात लिंगावरून अभ्यासक्रम वेगळा करण्यास आधार नाही. कोठारी आयोगाने तो 1966 मध्ये उचलून धरला; आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. त्यानंतर दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना अनिवार्य झाले. आज दहावीला लाखो मुली बीजगणित व भूमितीचे पेपर लिहितात, त्यामागे हा एक निर्णय आहे. जे विषय मुलींना झेपणार नाहीत म्हणून वैकल्पिक ठेवले जात, ते सक्तीचे होताच झेपू लागले.

मग क्षमतेत खरोखर काही भेद आहेच की नाही? प्रामाणिक उत्तर असे की सरासरीचे भेद फार लहान आहेत, काही मुलांच्या बाजूने तर काही मुलींच्या बाजूने आहेत, आणि ते स्थळकाळानुसार हलतात. अमेरिकेतील दहा राज्यांतल्या सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण 2008 साली जॅनेट हाइड व सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा दुसरी ते अकरावीपर्यंत मुलामुलींत दखलपात्र भेद आढळला नाही. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 मध्ये विकसित देशांच्या सरासरीत मुले गणितात 9 गुणांनी पुढे होती आणि मुली वाचनात 24 गुणांनी पुढे होत्या. अत्युच्च स्तराची गोष्ट काढली जाते तेव्हा 1980 च्या दशकारंभी जॉन्स हॉपकिन्सच्या बेनबो व स्टॅनली यांनी दिलेला दाखला पुढे येतो: तेरा वर्षांखालील असामान्य गणिती मुलांत दर मुलीमागे तेरा मुलगे. हा आकडा अजून उद्धृत होतो. पुढील दोन-तीन दशकांत तेच प्रमाण एकास चारच्या आसपास आले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एका पिढीत मेंदूची घडण पालटत नाही.

ज्या एका कौशल्यात पुरुष हटकून पुढे असल्याचे मानले जाते, ते म्हणजे आकृती मनातल्या मनात फिरवून जुळविण्याचे. त्याची परीक्षा 2011 साली आपल्याच देशात झाली. मेघालयातील खासी आणि त्यांचे शेजारी कार्बी हे दोन समाज एकाच प्रकारच्या शेतीवर व आहारावर जगतात; फरक इतकाच की खासींत मिळकत धाकट्या मुलीकडे जाते आणि कार्बींत ती मुलांकडे. हॉफमन, नीझी व लिस्ट या संशोधकांनी दोन्हीकडील गावकऱ्यांपुढे चार तुकड्यांचे लाकडी कोडे ठेवून, ते लवकर जुळविणाऱ्यास बक्षीस देऊ केले. कार्बींत पुरुषांना स्त्रियांपेक्षा बराच कमी वेळ लागला; खासींत स्त्रीपुरुषांच्या वेळेत भेद आढळला नाही. जमिनीचा हिस्सा आणि आकृतीची जाण यांचा संबंध एरवी कोणाच्या स्वप्नात आला असता!

आता सक्ती दहावीला संपते आणि वाटणी अकरावीच्या अर्जात होते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी गणित शिकविणाऱ्या एका बाईंच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर वर्गसमीकरण मांडले होते. उदाहरण पुरते लिहून व्हावयाच्या आत पुढच्या बाकावरचा एक मुलगा 'बाई, मी सांगू?' म्हणून उठला. त्याने सांगितलेले उत्तर चुकले, आणि क्षणात दुसरे सांगून तो पुन्हा उभाच राहिला. खिडकीकडच्या रांगेतील मुलीने तोवर वहीत पायऱ्या उतरविल्या होत्या आणि उत्तरावर पालथा हात ठेवला होता. बाईंनी तिला फळ्याकडे बोलाविले तेव्हा ती म्हणाली, 'बरोबर आहे का बघा ना आधी.' तास संपल्यावर बाई सांगत होत्या की या मुलीचे वडील कालच भेटून गेले. 'बाई, पोरगी हुशार आहे, नाही कसं म्हणू? पण लातूरला क्लासला ठेवायचं म्हणजे खर्च आला, जोखीम आली. धाकट्याला ठेवतो. हिला इथंच बायो घेऊ द्या.' मुलीला विचारले तर तिनेही 'मला बायोच आवडतं' असेच सांगितले. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची हजेरी कशी गळते, ते बाईंच्या हजेरीपटात स्पष्ट होते. भावाची गळत नव्हती.

पीसीएम मुलांचे आणि पीसीबी मुलींचे, अशी ही नवी वाटणी कोणत्याही हुकुमाविना झाली आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला आता मुलांपेक्षा मुली अधिक बसतात. याउलट आयआयटींत 2017 साली दाखल झालेल्यांत मुली सुमारे 9 टक्के होत्या. 2018 पासून त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि 2020 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. या वाटणीत घरकामाचा भार कोणावर पडतो याविषयी ज्यांना शंका असेल, त्यांनी भारत सरकारची 2019 ची कालविनियोग पाहणी वाचावी: घरकाम करणाऱ्या स्त्रियांना त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे द्यावी लागत होती, पुरुषांना 97. मुंबई विद्यापीठाची गणितातील एम.ए. 1964 साली सुवर्णपदकासह प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मंगला नारळीकर यांची डॉक्टरेट 1981 साली पूर्ण झाली. मधल्या काळात संसार होता, मुली लहान होत्या. त्यांनी याविषयी कधी तक्रारीचा सूर लावला नाही आणि पुढे मराठी मुलांसाठी गणित सोपे करून सांगण्यात आयुष्य घातले. परंतु ती मधली वर्षे गणिताच्या खात्यावर कोणी जमा करावयाची?

मुलग्यांचेही यात नुकसान होते, आणि ते जवळजवळ बोललेच जात नाही. 'असर' च्या 2023 मधील ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयोगटातील 76 टक्के मुलींना दुसरीच्या पातळीचा प्रादेशिक भाषेतील मजकूर वाचता आला, मुलांत हे प्रमाण 70.9 टक्के होते. भागाकारात मात्र मुले पुढे होती. वाचन हे मुलींचे काम, मन लावून बसणे हा मुलींचा स्वभाव, असे ज्याच्या कानी बालपणापासून पडते, तो मुलगा पुस्तकापासून दूर जातो आणि 'हुशार आहे, मनात आणलं तर करील' या शब्दांच्या आधारावर दहावीपर्यंत पोहोचतो. तेथे तो नापास झाल्यावर त्याची चौकशी करण्यासाठी कोणती समिती नेमल्याचे ऐकिवात नाही.

या समजुती कोणत्या वयात रुजतात, याचा शोध 2017 मध्ये अमेरिकेत बियान, लेस्ली व सिंपियन यांनी घेतला. पाच वर्षांची मुलेमुली 'फार फार हुशार' व्यक्ती म्हणून सारख्याच प्रमाणात आपल्या लिंगाची व्यक्ती निवडत; सहा-सात वर्षांच्या मुलींत मात्र हा विश्वास ओसरलेला दिसला, आणि 'फार हुशार मुलांसाठी' म्हणून दिलेल्या खेळापासून त्या दूर राहू लागल्या. शाळेतील गुण त्यांचेच चांगले असतात हे त्याच मुलींना ठाऊक होते. म्हणून 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकात स्वयंपाकघरात कामाला लागलेले वडील आणि डॉक्टर स्त्री यांची चित्रे छापली, ती मला महत्त्वाची वाटतात. ज्या सातव्या वर्षी विश्वास ढळू लागतो, नेमक्या त्याच वयाच्या हाती ते पुस्तक पडले. त्या तुकडीची मुलेमुली 2028 च्या मार्चमध्ये दहावीला बसतील. जूनमध्ये अकरावीचा अर्ज भरताना त्यांच्या घरी विषयांपुढची खूण कोण करतो आणि क्लासची फी कोणाच्या नावे भरली जाते, याची नोंद प्रत्येक शाळेने आपल्या दप्तरी ठेवावी, एवढी मागणी मी शिक्षण खात्याकडे या लेखाद्वारे करीत आहे.